पेलाभर दशपर्णी

"घोटभर काय आप्पा, घोटभर तर माझा नातूबी पिईल," मागच्या रांगेतून खळदकर ओरडले. "पेला भरून आणलाय, तर संपवा की!"

मांडवात हशा पिकला. आप्पा, म्हणजे सर्जेराव फडतरे, तेही हसले. धुतलेला पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध, हातात स्टीलचा पेला. आसपासच्या गावांचे शेतकरी समोर सतरंजीवर बसले होते आणि मांडवामागे चढावर आप्पांची सीताफळाची बाग होती. ती बघायलाच सगळे आले होते.

त्या वर्षी पुरंदरच्या त्या सगळ्या पट्ट्यात पिठ्या ढेकणानं कहर केला होता. कापसाच्या बोळ्यासारखी ती पांढरी कीड सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत बसते, रस शोषते, आणि तिच्या चिकट गोडाला मुंग्या लागतात. असं फळ बाजारात कुणी हातात धरत नाही. आप्पांच्या बागेत मात्र फळ हिरवंगार आणि स्वच्छ होतं. औषध म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, दशपर्णी अर्क. दहा झाडांचा पाला, शेण, गोमूत्र आणि पाणी पिंपात महिनाभर कुजवून गाळलेला. त्यांच्या शब्दावर त्यांच्या सोनगिरवाडीतल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या घरांनी रासायनिक फवारणी सोडली होती. सगळ्यांची फळं एकाच नावानं पुण्याला जात. एकाच्या बागेत रसायन सापडलं तर सगळ्यांचा माल परत येणार, असा करार होता.

प्रत्येक शिबिराच्या शेवटी आप्पा एक घोट अर्क प्यायचे. "जे माझ्या तोंडाला चालत न्हाई, ते मी झाडाला देत न्हाई," एवढं म्हणायचे आणि प्यायचे. लोक भाषणापेक्षा त्या घोटाची वाट बघत.

मी मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून उभी होते. कीटकशास्त्रात एम.एस्सी. करून मी एका संस्थेत लागले होते आणि त्या हंगामात आप्पांच्या बागेतली कीड मोजणं हे माझं काम होतं. हातात भिंग, खांद्याला नळ्यांची पिशवी. गावात मला सगळे यामिनीबाई म्हणत.

पेला हौसाकाकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, घरातून आणला होता. पदराखाली झाकून. आप्पांनी तो नाकाजवळ नेला, वास घेतला, समाधानानं मान हलवली.

"खळदकर, तुमचा नातू पिईल म्हणता?" ते म्हणाले. "मग मी त्याचा आजा हाय."

आणि त्यांनी सगळा पेला रिकामा केला. मिशीवरून हात फिरवला. पेला उलटा करून दाखवला. टाळ्या पडल्या. आप्पांचा मुलगा संग्राम पंपाजवळ उभा होता, त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो पेल्याकडे बघत होता. मला वाटलं, वडिलांना असं डिवचलेलं त्याला आवडलं नसावं.

जेवणाच्या पंगती बसल्या. आप्पा स्वतः गुळाची ढेप घेऊन फिरत होते. "घ्या पाव्हणं, लाजू नका." मी भाकरी मोडत त्यांच्याकडे बघत होते, कारण ते दर दोन पानांनी थांबून तांब्या तोंडाला लावत होते. सप्टेंबरचं ऊन होतं, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. मग त्यांनी एकाच माणसाला तिसऱ्यांदा गूळ वाढला.

"आप्पा, आता पोटात गुळाचं गुऱ्हाळ व्हायचं," तो माणूस म्हणाला.

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुणीतरी अनोळखी भेटावं तसं विचारलं, "तुमी कवा आलात?"

लोक हसले. आप्पांना विनोद करायची सवय होती. पण ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्यावर घामाचा टिपूस नव्हता. इतक्या उन्हात, इतकी धावपळ करून. ते खाली वाकले, सतरंजीवरून दोन बोटांनी काहीतरी उचललं, अंगठ्यावर चिरडलं, पुन्हा वाकले.

मी ताट सोडून उठले. "आप्पा, काय शोधताय?"

"बघा की यामिनीबाई, केवढा पिठ्या झालाय हितं. तुमचं भिंग कुठंय?"

सतरंजीवर काही नव्हतं.

मी त्यांचं मनगट धरलं. कातडी तव्यासारखी गरम आणि कोरडी, नाडी पळत होती. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. भर दुपारी, उन्हाच्या उजेडात, बाहुल्या इतक्या मोठ्या होत्या की बुबुळाची नुसती कड उरली होती.

"संग्राम, जीप काढ," मी म्हटलं.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. तो आधीच पळाला होता.

*

जीपमध्ये मागे मी आणि हौसाकाकू, मध्ये आप्पा. "ऊन लागलं असंल गं," काकू म्हणत होत्या. "सकाळपासनं पोटात काय न्हाई त्यांच्या." आप्पा माझ्या ओढणीच्या काठावरून कीड वेचत होते. मधूनच पाणी मागत आणि दिलं की गिळता येत नसे.

मला धोतऱ्याची शंका आली होती. दशपर्णीच्या दहा पानांत धोतरा असतो, आणि ही सगळी लक्षणं त्याचीच. पण हिशेब जुळत नव्हता. पिंपात गोमूत्राबरोबर महिनाभर कुजताना धोतऱ्याचा जोर बराच मरतो असा माझा समज होता, आणि आप्पा कित्येक वर्षं तो अर्क घोटभर पीत आले होते. पेलाभर प्यायले म्हणून फार तर उलटी झाली असती, जुलाब झाले असते. असं व्हायला नको होतं.

वाटेतल्या गावात संग्रामनं जीप थांबवली आणि तो एका दवाखान्यात पळत शिरला. बाहेर आला तो डॉक्टरला घेऊन, त्यांच्या हातात भरलेली सिरिंज. जीपचं दार उघडून उभ्या उभ्याच त्यांनी आप्पांच्या दंडात इंजेक्शन दिलं.

"काय दिलंत?" मी विचारलं.

"उतारा. आता थांबू नका, सासवडला घेऊन जा."

"कशावर उतारा?"

त्यांनी संग्रामकडे पाहिलं. संग्राम जीपमध्ये चढला होता. गाडी हलली. आरशात त्याचे डोळे मला दिसत होते, आणि मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं ते रस्त्यावर वळवले.

*

सासवडच्या रुग्णालयात डॉक्टर मोकाशी होते. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी आप्पांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं, जिभेला हात लावला.

"काय घेतलंय यांनी?"

"शेतातलं औषध," संग्राम म्हणाला. "चुकून. डायमेथोएट. वाटेत एक इंजेक्शन दिलंय."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "नाही डॉक्टर. दशपर्णी अर्क प्यायलेत ते. माझ्यासमोर. झाडपाल्याचा अर्क आहे, त्यात धोतरा असतो."

मोकाशींनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "एक काय ते ठरवा. अशा फवारणीच्या विषात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो. यांचं सगळं उलटं आहे. पण वाटेत उतारा म्हणून यांना अ‍ॅट्रोपिन मिळालं असणार, त्यानंही थोडं असं होऊ शकतं."

"इंजेक्शनच्या आधीपासून हे असंच होतं," मी म्हटलं. "बाहुल्या मी मांडवातच पाहिल्या. आणि हे धोतऱ्याचं असेल, तर त्या इंजेक्शनमध्ये जे आहे तेच त्यांच्या पोटात आहे. तुम्ही त्याच विषाची भर घालाल."

"ते मला माहीत आहे, बाई. माझा प्रश्न वेगळा आहे. पोटात दोन्ही असतील तर?" ते संग्रामकडे वळले. "तू पाहिलंस का, त्यात औषध होतं म्हणून?"

मला संग्रामचा राग आला होता. तो खोटं बोलतोय याची मला खात्री होती, आणि का तेही कळत होतं. दशपर्णीनं आप्पा आडवे झाले, ही बातमी संध्याकाळपर्यंत पाच गावांत गेली असती. त्यापेक्षा कुणीतरी पेल्यात औषध मिसळलं, असं म्हणणं सोपं. मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं.

"अर्काचं नाव वाचवायला वडिलांना मारशील. खरं सांग."

त्यानं दंड सोडवून घेतला. तो वळून डॉक्टरांना म्हणाला, "पाहिलं म्हंजे, मीच टाकलंय. माझ्या हातानं. अर्काच्या निळ्या पिंपात. श्रावणापासनं टाकतोय."

आप्पांची बोटं चादरीवरून फिरत होती, अजून कीड वेचत.

"पिठ्या हटत न्हवता," तो म्हणाला. "आप्पा रोज म्हणायचे, अर्कानं जाईल, धीर धर. चार फवारण्या झाल्या, गेला न्हाई. लोकं बाग बघायला यायची. सगळ्या वाडीचा माल ह्यांच्या नावावर जातोय. म्हटलं, एवढ्या हंगामापुरतं. पंपात घातलं असतं तर बरोबरच्यांना दिसलं असतं, म्हणून पिंपातच ओतत गेलो. ते घोट पितात हे माझ्या ध्यानात हुतं. पण श्रावणापासनं शिबिर झालं न्हवतं, हे घरचं परवाच ठरलं, आन् आज अर्क बदलायला गर्दीत मला पिंपापाशी जाताच आलं न्हाई. तोवर पेला त्यांच्या हातात."

मला बागेतली ती गोष्ट आठवली, जी महिनाभर मला छळत होती. शेजारच्या वाडीत मी आप्पांच्याच कृतीनं केलेला अर्क फवारत होते. तिथे कीड कमी व्हायची, पण जायची नाही. आप्पांच्या बागेत मुंग्यासुद्धा उरल्या नव्हत्या. मी आप्पांना विचारलंही होतं. "तुमचं मन नसंल त्यात," असं ते म्हणाले होते.

म्हणजे संग्राम खरं बोलत होता.

मोकाशींनी मान हलवली. "मग मला थांबता येणार नाही. हे विष पोटात दबा धरून बसतं आणि काही तासांनी उसळतं. सिस्टर, अजून दोन अँपूल भरा. मॉनिटर लावा."

पण त्या बाहुल्या, ते कोरडं तोंड, चादरीवरून वेचणारी ती बोटं माझ्या समोर होती. पिंपात औषध होतं हे खरं. मग औषधाचं एकही लक्षण का नाही? आणि महिनाभर कुजलेल्या अर्कात धोतऱ्याचं इतकं बळ आलं कुठून?

मी डोळे मिटून तो पेला पुन्हा आठवायचा प्रयत्न केला. आप्पांनी तो उंच धरला होता. पिंपातला अर्क शेणकट हिरवा असतो, त्याला साय येते, मांडवभर त्याचा वास सुटतो. पुढच्या रांगेतल्या कुणीही नाकाला रुमाल लावला नव्हता. आप्पांनी पेला उलटा केला तेव्हा तळाचे दोन थेंब त्यांच्या सदऱ्यावर पडले होते. तो डाग अजून तिथे होता. मी वाकून पाहिलं. कोऱ्या चहासारखा तांबूस, स्वच्छ.

हौसाकाकू भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. पदर तोंडाशी घट्ट धरलेला. मी त्यांच्यासमोर बसले.

"काकू, पेला कुठून भरला होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मुलाकडे.

"सिस्टर, झालं का?" मोकाशी विचारत होते.

"काकू, आत्ता सांगा. पिंपातून काढला होता का?"

"आई, सांग ना," संग्राम म्हणाला. "पिंपातनंच काढतीस तू दर वेळी."

"तू गप," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की सिस्टरसुद्धा थांबली. "तुला काय ठावं, पेल्यात काय हुतं. पिंपातलं न्हवतं ते. मी येगळं केलतं."

"वेगळं म्हणजे?" मोकाशी पुढे आले.

"घरात. चुलीवर. पहाटं." त्या माझ्याशीच बोलत होत्या, जणू बाकी कुणी खोलीत नव्हतं. "अर्क गाळायचं फडकं मी धुती. श्रावणात त्याला वास आला. पूर्वी फवारण्या व्हायच्या तवा घरात असायचा, तसला. मला तवाच कळलं, पोरानं काय केलंय."

संग्राम आईकडे वळला. "आणि बोलली न्हाईस?"

"कुणाला बोलू? ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी कुऱ्हाड घेऊन बाग तोडली असती. तुला बोलले असते तर तू घर सोडलं असतंस. तुमी दोघं एका ताटात जेवत हुता, म्हटलं जेवू देत." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पण आज ह्यांनी ते पिंपातलं तोंडाला लावायचं, हे मला बघवंना. म्हणून पहाटं उठून धाही पानं तोडून आणली. पातेल्यात घातली. चांगली खळखळ उकळली. आटवून गाळून घेतली, वर जरासं गोमूत्र घातलं. म्हटलं, उकळलेलं काय बाधत न्हाई. पाणी न्हाई का आपण उकळून पीत?"

"धोतरा घातला?"

"घातला की. एक पान कमी असतं तरी ह्यांनी वासावरनं वळाखलं असतं. त्यांचं नाक तुला म्हाईतंय. म्हणून उलट जास्तच घातला, ताजा वास यावा म्हणून. बोंडासकट."

धोतऱ्याच्या काटेरी बोंडात बिया असतात. सगळ्यात जहाल भाग तो. मी मोकाशींकडे पाहिलं, ते ऐकत होते.

"कण्हेर?" मी विचारलं.

"न्हाई. कण्हेर आमी कधीच घालत न्हाई. दारात गुरं असत्यात."

मी श्वास सोडला. कण्हेर असती तर हृदयच बंद पडलं असतं.

"आजी," मोकाशी खाली वाकले, "नीट ऐका. पिंपातला एक थेंबसुद्धा त्या पेल्यात नव्हता? पातेलं, वाटी, गाळणं, काहीच पिंपाला लागलेलं नव्हतं? तुमच्या बोलण्यावर मी हे इंजेक्शन थांबवणार आहे. चुकलं तर ते संध्याकाळपर्यंत जातील."

"नवं फडकं फाडलं," काकू म्हणाल्या. "लुगड्याचं. पिंपाकडं फिरकले सुदीक न्हाई."

"शपथेवर?"

त्यांनी खाटेकडे बोट केलं. "ह्यांची शपथ."

मोकाशींनी सिस्टरच्या हातातली सिरिंज घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. "पोट धुवायची तयारी करा. बर्फ आणा. झोपेचं द्या थोडं, नाडी खाली आली पाहिजे. आणि ही सिरिंज इथंच राहू दे. लाळ दिसली, घाम दिसला, तर मला हाक मारा. पळत या."

*

मग आम्ही तिघं घाम येतोय का ते बघत बसलो. इतका वेळ एखाद्याच्या कपाळाकडे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बर्फाच्या पाण्यात पंचा भिजवायचा, पिळायचा, अंगावर ठेवायचा, आणि तो काढला की कातडी पुन्हा कोरडी होण्याची वाट बघायची, ओल पाण्याची की घामाची हे कळावं म्हणून. संग्राम पंचे पिळत होता. काकू ठेवत होत्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. "त्याला म्हणावं बर्फ आण." "आईला म्हणावं जरा पाठ टेक."

आप्पा आमच्यात नव्हतेच. ते मांडवात होते.

"या, या. बसा पाव्हणं," ते छताला म्हणाले. "बाग बघा आधी. हात लावून बघा. एक थेंब औषध न्हाई. एक थेंब!"

संग्रामच्या हातातला पंचा थांबला.

"काय म्हणता? खोटं वाटतंय?" आप्पांचा घसा कोरडा पडून आवाज चिरकत होता. "माझा पोरगा करतो फवारणी. त्याला इचारा. संग्राम! ए संग्राम! सांग ह्यांना."

"आप्पा, मी हितंच हाय."

"सांग की मग! गप का बसलास? शपथेवर सांग, एक थेंब न्हाई म्हणून."

ते त्याच्याकडेच बघत होते, त्या प्रचंड काळ्या बाहुल्यांनी, आणि त्यांना तो दिसत नव्हता. "सांग, सांग," ते म्हणत राहिले. संग्रामनं पंचा बादलीत टाकला आणि तो बाहेर गेला. जिन्यावरून त्याच्या उतरण्याचा आवाज आला, मग थांबला. तो खाली गेला नव्हता. मधल्या पायरीवर बसला होता.

मोकाशी दर थोड्या वेळानं येत, बॅटरी मारत, पोटाला कान लावल्यासारखे वाकत आणि जात. सूर्य खिडकीतून उतरायला लागला तेव्हा ते आले आणि जरा जास्त वेळ थांबले.

"धोतऱ्यानं थांबलेली आतडी पुन्हा बोलायला लागली," ते म्हणाले. "नाडी उतरतेय. घाम नाही, लाळ नाही. फवारणीचं असतं तर एव्हाना कळलं असतं." त्यांनी ट्रेमधली ती सिरिंज उचलली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. "आजी, तुम्ही खरं बोललात म्हणून हे वाचले."

काकूंनी हात जोडले. मग त्यांनी ते हात तोंडावर दाबले आणि दिवसभरात पहिल्यांदा रडल्या.

*

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आप्पा उशीला टेकून बसले होते. डोळे अजून उजेडाला दिपत होते, म्हणून खिडकीला चादर लावली होती.

"यामिनीबाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लोकं जेवून गेली का सगळी?"

"गेली आप्पा. तुम्ही एकाला तीनदा गूळ वाढलात."

"तीनदा?" ते हसले, खोकले. "बरं झालं, कमी पडला म्हणून कुणी नाव न्हाई ठेवणार." मग त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं हुतं मला?"

काकू खाटेच्या पायथ्याशी पंचे घडी करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

"धोतरा," मी म्हटलं. "काकूंनी या वेळी अर्क उकळून केला होता. कुजवण्यात त्याचा जोर मरतो, उकळल्यावर सगळा पाण्यात उतरतो. आणि तुम्ही पेलाभर प्यायलात."

आप्पांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हंजे आपलंच," ते म्हणाले. "आपल्याच पाल्यानं पाडलं." ते बायकोकडे वळले. "उकळलंस व्हय? खुळी कुठली. आगं, मला इचारायचं तरी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, सुटका होती. "काल मधीच जरा शुद्ध आली, तवा कुणीतरी औषध औषध म्हणत हुतं. मी म्हटलं, संपलं. आता गावात तोंड दाखवायला नको. धोतऱ्यानं पडलो तर लोकं हसतील. हसू देत. खळदकर तर वरीसभर हसंल. पण औषध न्हवतं ना? एवढं सांगा मला. आपल्यात औषध न्हवतं?"

तो प्रश्न मला होता. पेल्यापुरतं उत्तर खरं होतं. "पेल्यात नव्हतं, आप्पा," एवढं मी म्हटलं असतं तर कुणालाही ते खोटं म्हणता आलं नसतं. काकूंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हात पदरात गुंडाळून त्या बसल्या होत्या. त्या माझ्याकडे काय मागत होत्या ते मला स्वच्छ कळलं.

मी तोंड उघडलं नाही. खूप वेळ नाही, एखादा श्वास. पण तेवढ्यात दारातून आवाज आला.

"पिंपात हुतं, आप्पा."

संग्राम दारात उभा होता. एका हातात शहाळं, त्यात नळी घातलेली. रात्रभर तो जिन्यावरच असावा.

"कसल्या पिंपात?"

"निळ्या. मी टाकत हुतो. श्रावणापासनं. बाग अर्कानं न्हाई सुधारली. औषधानं सुधारली."

"संग्राम," काकू म्हणाल्या. तो थांबला नाही. त्यानं सगळं सांगितलं, काल डॉक्टरांना सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. फक्त या वेळी तो ज्याच्याशी बोलत होता तो माणूस त्याला बघत होता. शहाळ्याचं पाणी नळीतून त्याच्या मनगटावर ओघळत होतं, ते त्याच्या लक्षात नव्हतं.

आप्पा ऐकत होते. एकदा त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला ठावं हुतं." ते विचारणं नव्हतं. काकूंनी मान खाली घातली. मग आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् तुमाला?"

"काल कळलं."

त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. मला वाटलं, आता ओरडतील, किंवा तोंड फिरवून झोपतील आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत. खाली अंगणात जीपची दारं आपटली. माणसांचे आवाज आले, हसण्याचे. खळदकरांचा आवाज सगळ्यांत मोठा. "कुठं हाय आमचा धोतरा? वरच्या मजल्यावर का?" वाडीतले लोक आप्पांना बघायला आले होते; धोतऱ्याची बातमी तेवढी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

संग्रामनं शहाळं खिडकीत ठेवलं. "मी त्यांना खालनंच परत पाठवतो," तो म्हणाला. "तुम्हाला बरं न्हाई म्हणून सांगतो."

"नको."

"आप्पा, आत्ता नको. घरी गेल्यावर बघू."

"वर येऊ दे त्यांना." आप्पांनी उशीचा आधार सोडला आणि ताठ बसायचा प्रयत्न केला. काकू पुढे झाल्या, आप्पांनी हातानंच त्यांना थांबवलं. "सगळ्यांचा माल एका नावानं जातोय. हितं आलेल्या प्रत्येकाचा. घरी जाईस्तोवर दोन गाड्या पुण्याला गेलेल्या असतील."

जिन्यावर पावलं वाजायला लागली. संग्राम दाराकडे वळला. जायचं की थांबायचं, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं.

"संग्राम."

तो वळला.

आप्पांनी दोन्ही पाय जवळ ओढून घेतले. वेळ लागला त्यांना, अंगात बळ नव्हतं. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. त्या जागेवरची चादर त्यांनी हातानं सारखी केली.

"हितं बस," ते म्हणाले. "उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई ही."

तो बसला. दार ढकललं गेलं आणि लोक आत आले.